दिवसाला एक हात

डॉक्टरनं कारभारी मिस्त्रीचे दोन्ही तळहात उजेडाकडं धरले, उलटेपालटे करून पाहिले आणि सांगून टाकलं, "सिमेंट बंद."

"हातमोजं घालून करू का मंग?"

"मोजे घालूनही नाही. तुमची कातडी आता ते सोसणार नाही. सिमेंटच्या वाऱ्यालासुद्धा उभे राहू नका."

नांदगावच्या दवाखान्यातून बाहेर पडून कारभारीनं गाडीला किक मारली, तर क्लचची मूठच धरवेना. तळहाताला काळ्या रानात पडतात तशा भेगा आणि बोटांच्या बेचक्यांत लालभडक चट्टे. साखर सोड म्हणाला असता तर त्यानं सोडली असती. तंबाखूसुद्धा सोडली असती, दोन दिवस का होईना. पण तीस वर्षं गवंडीकाम केलेल्या माणसानं सिमेंट सोडायचं म्हणजे मग करायचं काय? गावात जेवढे स्लॅब होते त्यातले निम्मे त्याच्या हातचे. आणि स्लॅब घालायच्या आधी तिथली जुनी धाब्याची घरं, मातीच्या जाड भिंतींची आणि मातीच्याच सपाट छपराची, तीही त्यानंच पाडलेली. त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं. जुनं पडल्याशिवाय मिस्त्रीला नवं काम कुठून मिळणार?

ही गोष्ट पौषातली. फाल्गुन उजाडला तरी कारभारी घरीच. बायको, वत्सलाबाई, सकाळी डबा बांधून कामाला जायची आणि हा अंगण झाडायचा. झाडू धरला की भेगा उलायच्या, म्हणून हाताला फडकं गुंडाळून झाडायचा. समोरच्या ओट्यावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. एकदा त्यानं पिठलं केलं. त्यात गुठळ्या झाल्या, तर उलथन्यानं थापीसारखं चोपून चोपून त्या जिरवल्या. वत्सलाबाईनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "पिठलं नाय हे. गिलावा हाय."

गावाबाहेरच्या माळावर पाच-सहा वर्षांपूर्वी शहरातली काही तरुण पोरं-पोरी येऊन राहिली होती. बरड जमीन घेऊन तिथं त्यांनी मातीची घरं बांधली, नांगर न घालता झाडं आणि भाजीपाला लावला आणि लांबलांबची माणसं महिना-महिना मुक्काम करून हे सगळं शिकायला यायला लागली. फाटकावर पाटी होती 'मातीमाय शिवार'. गाव त्याला 'मातीमोल' म्हणायचं. वत्सलाबाई आठवड्यातून तीन दिवस तिथं सारवायला जायची.

"मानसं कमी पडत्यात त्यांना," ती एक दिवस म्हणाली. "सैपाकघर बांधायला काढलंय. तुम्ही चला की."

"मी? गारा तुडवायला?"

"हात बरे होईस्तोवर."

"लोक काय म्हनतील? सिलाप घालनारा मिस्त्री चिखलात नाचतोय, म्हनतील."

"आत्ता काय म्हनत्यात ते कानावर आलंय का तुमच्या?"

दुसऱ्या दिवशी कारभारी गेला, पण बायकोला गाडीवर सोडायला म्हणून. फाटकाशी गाडी बंद केली नाही. वत्सलाबाई उतरून आत गेली तर जीन्स घातलेली एक पोरगी पळत आली, हात जोडून म्हणाली, "काकू, तुमच्याशिवाय कालचा गिलावा जमला नाही हो, सगळा सोलून निघाला." आणि आठ-दहा जणं वत्सलाबाईच्या भोवती जमली. ती वाकून भिंतीवर हात फिरवायला लागली, तर दोघांनी मोबाइल काढून तिच्या हाताचा व्हिडिओ घेतला. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती, पण त्या हाताकडं असं टक लावून कारभारीनंसुद्धा कधी बघितलं नव्हतं. त्यानं गाडी बंद केली.

ती पोरगी निकिता. नाशिकच्या पंचवटीतली, बापाचा भाजीबाजारात गाळा. शिकून आर्किटेक्ट झालेली आणि इथं बांधकाम शिकवणारी. वय असेल सव्वीस. तिनं कारभारीला सगळ्यांबरोबर गोलात उभं केलं. तिथली रीतच होती, काम सुरू करायच्या आधी प्रत्येकानं आपलं नाव सांगायचं आणि आज कसं वाटतंय ते एका शब्दात सांगायचं. कुणी म्हणालं प्रसन्न, कुणी म्हणालं हलकं, कुणी म्हणालं कृतज्ञ. कारभारीची पाळी आली.

"कारभारी," तो म्हणाला, आणि बराच विचार करून म्हणाला, "भूक."

सगळा गोल हसला. वत्सलाबाईनं कपाळाला हात लावला.

पहिल्या दिवशी त्याला भाताच्या खाचरागत खड्ड्यात उतरवलं. पांढरी माती, गव्हाचं काड आणि पाणी. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पायानं तुडवायचं. बाजूला पुण्याचा एक बँकवाला, नागपूरची एक दातांची डॉक्टरीण. ही माणसं चिखल तुडवायला इथवर आलीत हे काही त्याच्या डोक्यात शिरेना. संध्याकाळी पिंढऱ्या भरून आल्या. पण भेगांची आग झाली नाही, हे त्याच्या घरी जाता जाता ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी शेताकडची पोरं उतारावर चर आखत होती. पावसाचं पाणी वाहून न जाता जिथल्या तिथं जिरावं म्हणून चर एका पातळीत हवे. त्यासाठी तीन बांबूंची तिकटी होती आणि तिच्या टोकाला दोरीनं दगड लटकवलेला. कारभारी लांबून बघत होता, त्याला राहवेना.

"ओळंबाच की हा!"

"हो काका. पण वारा आला की दगड हलतो."

"मंग नळी आना. पान्याची."

पोरांनी पारदर्शक नळी शोधून आणली. कारभारीनं तिच्यात पाणी भरलं, बुडबुडे काढले, एक टोक स्वतः धरलं, दुसरं उताराच्या पार त्या टोकाला एकाला धरायला लावलं. नळीतलं पाणी दोन्हीकडं एकाच पातळीला थांबतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत माळावरचे चारही चर आखून झाले. त्या दिवशी त्याला जेवायला बसताना कुणी 'काका' म्हटलं नाही. 'मिस्त्री' म्हटलं.

मग त्याला स्वयंपाकघराची पश्चिमेची भिंत मिळाली. इथं विटा नव्हत्या. गाऱ्याचे गोळे एकावर एक थापायचे, पायानं दाबायचे, कडा तासायच्या.

"दिवसाला एक हात," निकितानं सांगितलं. "त्याच्या वर नाही. खालचा थर आवळून आला पाहिजे."

"एक हात? म्या एका दिवसात खोली उभी केलीय."

"विटांची. ही भिंत ओली असते मिस्त्री. एक हात."

दोन दिवस त्यानं ऐकलं. तिसऱ्या दिवशी निकिता बांबू बघायला पेठच्या बाजूला गेली आणि कारभारीला मोकळं रान मिळालं. त्यानं चौघा शिकाऊंना कामाला लावलं, दोरी ताणली, ओळंबा सोडला. दिवस कलेपर्यंत भिंत छातीला आली. अशी सरळ, की तिच्यावर काचेचा पेला ठेवावा. दातांची डॉक्टरीण म्हणाली, "वा!" कारभारी त्या भिंतीपासून उलटा चालत फाटकापर्यंत गेला, नीट दिसावी म्हणून.

सकाळी येऊन बघतो तर भिंतीला पोट सुटलेलं. सात महिन्यांच्या गरोदर बाईसारखी ती पुढं आली होती आणि एका टोकाकडून ढासळून जमिनीवर बसली होती. सगळी मंडळी भोवती उभी. एखाद्या ठेकेदारानं चार शिव्या घातल्या असत्या तर कारभारीनं उलट आठ घातल्या असत्या, हिशेब फिटला असता. पण इथं कुणी शिवीच देईना. निकिता आली, बघितलं आणि म्हणाली, "चहा घेतला का मिस्त्री?"

तो तसाच घरी निघून गेला. वत्सलाबाई दुपारी चालत आली, तेव्हा हा खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलेला.

"मी काय आता जानार नाय," तो म्हणाला.

"नका जाऊ. पन ते पडलंय ते कोन उचलनार? का त्येबी पोरांनी उचलायचं?"

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या वेळेला कारभारी एकटाच गेला. फावडं घेतलं, ढासळलेली भिंत खड्ड्यात ओढली. विटांची भिंत पडली असती तर राडारोडा झाला असता, ट्रॉली बोलवावी लागली असती. ही नुसती माती. त्यानं पाणी सोडलं, पँट दुमडली आणि तुडवायला लागला. सूर्य वर आला, गोल भरला, तेव्हा गारा तयार होता. तीच माती, तेच काड, पहिल्याहून जास्त चिकट. त्यानं पायाचा अंगठा गाऱ्यात रोवला, वर काढला आणि एकटाच हसला.

"काय झालं?" निकितानं विचारलं.

"काय नाय. फुकट गेलं नाय म्हनून."

त्या दिवशी त्यानं एक हात भिंत घातली आणि थांबला. थांबणं फार अवघड होतं. रिकाम्या वेळात मग तो गोल खड्ड्याच्या कडेनं लावलेल्या केळींना जुन्या स्वयंपाकघराचं सांडपाणी कसं जातं ते बघून आला, शेवग्याखालच्या पालापाचोळ्यात हात घालून आला. तिथं खाली माती ओली होती, ऐन उन्हाळ्यात. वैशाख लागेतो स्वयंपाकघराच्या चारही भिंती पुऱ्या झाल्या, आणि वत्सलाबाईनं त्याचे हात धरून बघितले, तर भेगा मिटून नवी कातडी आलेली.

त्याच सुमाराला चिमाजी घरी आला. चिमाजी पूर्वी कारभारीच्या हाताखाली होता, आता गावातली कामं तोच करायचा. मनानं वाईट नव्हता, तोंडानं होता.

"दादा, किती दिस चिखल खेळनार? एक काम हाय. झुंबरबाईचं धाबं पाडायचंय. वाल्मीक सिलाप घालतोय. सिमेंटला मी हाय, तुम्ही नुस्तं पाडून द्या. पाडायला काय होतंय?"

कारभारीला बरं वाटलं. किती दिवसांनी गावातल्या कामाला कुणी बोलावलं होतं.

झुंबरबाई म्हणजे गावातली सगळ्यांत म्हातारी बाई. तिचा मुलगा वाल्मीक विंचूरच्या औद्योगिक भागात एका कंपनीत नोकरीला, आठवड्याला घरी यायचा. कारभारी कुदळ घेऊन गेला तेव्हा म्हातारी अंगणात लिंबाखाली खाटेवर बसलेली, भोवती भांडी, गोधड्या, देव्हारा असा सगळा संसार मांडलेला. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

कारभारी पुढच्या भिंतीशी गेला आणि कुदळ घातली. कुदळ टणकन उलटी आली. हाताला झिणझिण्या आल्या. एवढी वर्षं तो असाच घाव घालत आला होता आणि दर वेळी कुदळ उलटी आली की दुप्पट जोरानं घालत आला होता. आज त्यानं ती खाली ठेवली. टवका निघाला होता तिथली माती बोटानं खरवडून बघितली. आत काड तसंच्या तसं पिवळं, काल घातल्यासारखं. मग त्यानं बोटाच्या पेरांनी भिंत वाजवायला सुरुवात केली, एका टोकापासून. आत गेला, चारी भिंती वाजवल्या. छपराकडं बघितलं, सागाच्या तुळया बघितल्या. बाहेर आला.

"काय झालं?" वाल्मीक म्हणाला. "पाडा की."

"एक कोपरा खराब हाय. वरची पन्हाळ सडली, पानी कोपऱ्यावरून उतारलं. बाकी सगळं घर धडधाकट हाय."

"मग?"

"कोपरा नवा घालू. हे घर पाडन्याजोगं नाय, वाल्मीकभाऊ."

"तुम्हाला सल्ला द्यायला बोलावलंय का पाडायला?"

चिमाजी तर उसळलाच. "दादा, माझ्या कामाच्या आडवं येतोय का तू? मी तुला काम दिलं अन् तू माझंच मोडतोस?" 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते त्यालाही कळलं नाही. शेजारीपाजारी जमले. कुणी तरी म्हणालं, मातीमोलवाल्यांनी मिस्त्रीचं डोकं फिरवलं. कारभारी अंगणाच्या मधोमध उभा, कान तापलेले. तीस वर्षांत त्यानं कधी एखादं घर राहू द्या म्हणून भांडण केलं नव्हतं, त्यासाठी काय बोलायचं असतं हे त्याला माहीतच नव्हतं.

"किती दिस लागतील?" खाटेवरून आवाज आला.

"पंधरा-वीस, मावशे. दिवसाला एक हात."

"मिरगाच्या आत व्हईल?"

"व्हईल."

म्हातारी वाल्मीककडं वळली. "तुझा सिलाप मागच्या मोकळ्या जागंत घाल. दोन खोल्या काढ, चार काढ. मी तिथं उन्हाळ्यात यायची नाय अन् तू हितं पाडायला यायचं नाय."

"आई, लोक म्हणतील, आईला मातीत ठेवली अन् स्वतः—"

"मी सांगीन त्यांना, मीच ठेवून घेतली म्हनून." आणि चिमाजीला म्हणाली, "तुला काम हाय ना? मंग बोंबलतो कशाला?"

असं ते काम सुरू झालं. मागं चिमाजीची मंडळी, पुढं कारभारीची. कारभारीबरोबर वत्सलाबाई, निकिता आणि तिचे सहा शिकाऊ. गाव येऊन बघायचं. दातांच्या डॉक्टरिणीला गारा तुडवताना बघायला तर शेजारच्या वाडीवरून माणसं आली. चिमाजी मागून ओरडायचा, "दादा, आज किती? बोटभर का वीतभर?" पण दुपारी पत्र्याच्या आडोशाखाली अंग भाजायला लागलं की त्याची माणसं एकेक करून पुढच्या घरात येऊन आडवी व्हायची. चौथ्या दिवशी चिमाजीही आला. "जरा डोळा लागला व्हता," असं म्हणत चार वाजता उठला.

खरा घोर होता तो तुळईचा. छपराची मोठी तुळई त्याच खराब कोपऱ्यावर टेकली होती. कोपरा काढायचा तर तुळई वरच्या वर उचलून धरायची. कारभारीनं लाकडाचे दोन टेकू लावले आणि कोपरा वरून उतरवायला घेतला. दुपारपर्यंत सुरळीत चाललं. निकिता आत वाकून सुटलेली माती ओढत होती. तेवढ्यात वरून कर्र असा आवाज आला. एक टेकू तिरका झाला, तुळई दोन बोटं खाली बसली आणि छपरातली माती धारेनं निकिताच्या पाठीवर पडायला लागली.

"भायेर हो पोरी!" कारभारी ओरडला आणि स्वतः आत शिरला. त्यानं तुळईखाली खांदा दिला. मान दाबली गेली. माती डोळ्यांत जात होती. बाहेर वत्सलाबाई त्याचं नाव घेऊन ओरडत होती, जे तिनं जन्मात कधी घेतलं नव्हतं.

मग त्याला समोर चिमाजीचे पाय दिसले. चिमाजीनं स्लॅबचा लोखंडी टेकू आणला होता. त्यानं तो तुळईखाली सरळ केला आणि मळसूत्र फिरवायला लागला. एक फेरा, दुसरा, तिसरा. खांद्यावरचं ओझं हळूहळू उतरलं.

"दुसरा आन रे!" चिमाजीनं मागं हाक दिली. दुसरा आला, तिसरा आला. तुळई होती तिथं गेली. कारभारी बाहेर येऊन मटकन खाली बसला. चिमाजीनं त्याच्या डोक्यावरची माती झटकली.

"लाकडाचं टेकू लावतं का कोनी? मागायचं तरी मला."

"तू तवा टोमणं मारत व्हतास."

"टोमणं मारत व्हतो म्हंजे दिलं नसतं का?"

त्या दिवसापासून ते टेकू तिथंच राहिले, कोपरा पुरा होईपर्यंत. चिमाजीचा स्लॅब त्यापायी पाच दिवस अडला. त्याबद्दल तो रोज कुरकुरला आणि रोज येऊन मळसूत्र घट्ट आहे का तेही बघून गेला.

कोपरा भरून आला. छपरावर पाणी खाली झिरपू न देणारी नवी खारी माती पसरली, पत्र्याची नवी पन्हाळ चांगली हातभर पुढं काढली. मग भिंतीचा ताबा वत्सलाबाईनं घेतला. गिलाव्याचं माप तिच्या तोंडातून कुणाला काढता येईना. निकिता वही घेऊन मागं, "काकू, शेण किती? माती किती?" वत्सलाबाई म्हणायची, "हाताला गोड लागंस्तोवर." निकितानं शेवटी वही ठेवली आणि हात बुडवला. तीन दिवसांनी ती स्वतःच म्हणाली, "आत्ता लागला गोड." वत्सलाबाईनं बघितलं आणि मान हलवली. कारभारीला मात्र तिनं भिंतीला हात लावू दिला नाही. "तुमचा हात जड हाय," म्हणाली. "तुम्ही पानी आना."

मृगाला चार दिवस होते तेव्हा काम पुरं झालं. जमीन सारवून वत्सलाबाई उंबऱ्यापर्यंत आली आणि झुंबरबाईनं सगळ्यांना दारात बोलावलं. घर पुरं झालं की मिस्त्रीला पाटावर बसवून कुंकू लावायचं, टॉवेल-टोपी द्यायची ही गावची रीत. म्हातारीनं वाल्मीककरवी नांदगावहून सगळं आणवलं होतं. आतली जमीन ओली म्हणून उंबऱ्याच्या बाहेर एक पाट मांडला. चिमाजी, त्याची माणसं, शिकाऊ मंडळी, शेजारीपाजारी सगळे अंगणात.

कारभारी हात धुऊन, केसांवरून पाणी फिरवून पुढं आला. असे पन्नासेक पाट तरी त्यानं आजवर बघितले होते. तो बसायला वाकला.

"तू सरक," झुंबरबाई म्हणाली.

"आं?"

"सरक तिकडं. वत्सले, ये."

वत्सलाबाईला कळेना. कोपरापर्यंत हात शेणामातीचे, साडी खोचलेली, कपाळावर पांढऱ्या मातीचा ओघळ. "अवं मावशी, मिस्त्री त्ये हायेत."

"कोपरा त्यानं घातला, त्याला टोपी हाय. घराला तोंड तू दिलंस. बस म्हनते ना!"

अंगणात हशा पिकला. चिमाजी सगळ्यांत मोठ्यानं हसला. "बसा वहिनी, बसा! दादाला कोन विचारतंय!" निकितानं तिला हाताला धरून आणलं आणि पाटावर बसवलं. वत्सलाबाई अंग चोरून, खाली बघत बसली. कारभारीही हसला. हसता हसता मागं सरकला आणि उंबऱ्याच्या आत, दाराशी भिंतीला टेकून खाली बसला.

"अवं उठा!" वत्सलाबाई किंचाळली. "वली हाय अजून!"

तो धडपडून उठला. पँटच्या मागं शेणाचा हिरवा गोल आणि नव्या कोऱ्या जमिनीवर त्याच्या बुडाचा ठसा, दोन्ही बाजू स्पष्ट. वाल्मीकलासुद्धा हसू आवरेना. म्हातारी कुंकवाची कुयरी हातात धरून तशीच थांबली.

वत्सलाबाई पाटावरून उठली. बादलीतला शेणकाला ओंजळभर घेतला, ठशापाशी उकिडवी बसली आणि सावकाश, डावीकडून उजवीकडं, अर्ध्या गोलात हात फिरवला. एकदा, दोनदा. ठसा गेला. मान तिरकी करून तिनं उजेडात जमीन बघितली, एका जागी अंगठ्यानं जरा दाबलं. सगळं अंगण तिच्या हाताकडं बघत होतं. घाई कुणालाच नव्हती.

मग ती परत आली, पाटावर नीट मांडी घालून बसली आणि मान वर करून म्हणाली, "हां मावशी, लावा आता."